डोळ्यांपुढच्या माशा आणि आपली दिरंगाई



गळीत हंगाम आटोपून आम्ही घाटकोपरला मुलाकडे गेलो होतो. सकाळी गच्चीवरून आभाळ पाहिले, तर डोळ्यापुढे काळे ठिपके आणि कोळिष्टकासारखे धागे. नजर वळवावी तिकडे तेही पळत. चष्मा पुसला, फरक नाही. सूनबाई म्हणाली, "आप्पा, अंगावर काढू नका," आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा तपासला. भिण्याचे कारण नव्हते. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी, बाकी बारीक तंतू. वयाबरोबर ही जेली पातळ होते, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. पन्नाशीनंतर बहुतेकांची जेली कधीतरी पडद्यापासून सुटते. जवळचा चष्मा नव्हे, तर लांबचे पाहण्याचा मोठ्या नंबरचा चष्मा असणाऱ्यांना, मोतीबिंदू काढलेल्यांना किंवा डोळ्याला मार लागलेल्यांना हे लवकर होऊ शकते. सहसा काही महिन्यांत सवय होते. औषध लागत नाही.

मात्र ठिपक्यांचा एकाएकी पाऊस पडला, विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुटताना जेलीने पडदा फाडलेला असू शकतो. नुसती फाट असेल तर लेसरने भागते. पडदा सुटला तर शस्त्रक्रिया, आणि उशीर झाला तर नजर जाते. मधुमेह असेल तर आत रक्तस्राव झाल्यानेही ठिपके दिसतात. हे दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

आपण मात्र म्हणतो, "एवढी तोड होऊ द्या, मग बघू." अहो, तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग डोळ्यालाच तारीख का द्यायची? मध, कांद्याचा रस असले काही डोळ्यात घालू नका; ते आतल्या जेलीपर्यंत पोचत नाही, इजा मात्र होते.

आमचे स्पष्ट मत असे की, नेत्रशिबिरात मोतीबिंदूपुरते पाहून थांबू नये. मधुमेही आणि वयस्क सभासदांचा पडदाही बाहुली मोठी करून तपासावा. त्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, म्हणून मोटारसायकल घरी ठेवा, सोबत कुणाला तरी न्या.

ऊस पुन्हा लावता येतो. गेलेली नजर पुन्हा उगवत नाही.