पाळी गेली, ती परत येत नसते

कुंभकोणमपासून सहा-सात किलोमीटरवर तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. कावेरी इथे उजवीकडे वळते, त्यावरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. तिथल्या कपर्दीश्वराच्या देवळातला पांढरा गणपती प्रसिद्ध आहे. समुद्रमंथनाच्या फेसातून तो घडला अशी कथा असल्यामुळे त्याला अभिषेक करीत नाहीत. माझ्या मावशीला कित्येक वर्षांपासून हा गणपती पाहायचा होता. 2018 च्या जानेवारीत आम्ही तिथे पोहोचलो आणि मावशी देवळाच्या दारातच थबकली.

"तू जाऊन ये. मी इथंच बसते. मला अडचण आहे."

मावशी तेव्हा 58 वर्षांची होती. तिची पाळी जाऊन सात वर्षे झाली होती. मी आत गेले, दर्शन घेतले, बाहेर येऊन तिला लांबूनच प्रसाद दिला. तिच्या बोलण्यातली विसंगती माझ्या ध्यानात आली ती रात्री, गाडीत बसल्यावर. खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "अगं, दिवाळीपासून अधूनमधून दिसतंय. पाळी परत सुरू झाली असेल. उष्णतेनंही होतं म्हणतात."

पाळी वर्षभर पूर्ण बंद राहिली, की ती परत येत नसते. त्यानंतर साधा डाग दिसला, तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवे. कारण बहुतेक वेळा किरकोळच निघते, पण मावशीचे तसे निघाले नाही. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि तो दुसऱ्या टप्प्यात गेला होता. सहा आठवडे किरणोपचार आणि जोडीला केमोथेरपी असे सगळे सोसून ती आज ठणठणीत आहे. पण ते सहा आठवडे टळण्यासारखे होते, हे मला आजही खुपते.

कारण हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण म्हणून कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवायचे कारण नाही. तो इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही स्त्रियांच्या शरीरात मात्र तो टिकून राहतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी मुदत फार थोडे कर्करोग देतात! या काळात काहीच दुखत नाही, म्हणूनच काही होत नसताना तपासणी करायची असते.

योगायोग असा, की आम्ही ज्या तंजावर जिल्ह्यात फिरत होतो, तिथेच 2007 मध्ये तमिळनाडू सरकारने या तपासणीचा प्रयोग सुरू केला होता. तंजावर आणि तेनी हे दोन जिल्हे त्यासाठी निवडले होते. तपासणीची पद्धत अगदी साधी आहे. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. बदललेल्या पेशी असतील, तर तेवढा भाग पांढरा दिसतो. शिकलेली परिचारिका हे काम करू शकते. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढे तपासायची ती सूचना असते.

त्याआधी आपल्याकडे बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 पासून एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला होता. 2009 मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटाला एचपीव्हीची चाचणी एकदाच देऊ केली होती, त्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न देऊ केलेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. जगभरचे डॉक्टर ज्याचा दाखला देतात, तो हा अभ्यास आपल्या मराठवाड्यातल्या खेडुत बायांवर झाला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

केंद्र सरकारच्या 2016 च्या सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीने दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमध्ये दोघींचीसुद्धा ती कधी झालेली नव्हती. लाज हे एक कारण, पण माझ्या मते "मला काय धाड भरलीय?" हे त्याहून मोठे. मुलींसाठी आता लस आहे, पुण्यात तयार झालेली लसही 2023 मध्ये आली. तरी लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी चुकत नाही.

आणि संबंधानंतर रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मधे दिसले किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असले, तर तपासणी शिबिराची वाट पाहू नका. तडक स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

मावशीच्या आजारानंतर तिच्या सुनेची तपासणी झाली. वय 36, काहीही त्रास नाही. पांढरा डाग दिसला, पुढच्या तपासणीत पेशी बदललेल्या निघाल्या आणि तो भाग गोठवून नष्ट केला. भूल नाही, टाके नाहीत, सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपले. दुपारी ती रिक्षाने घरी आली. त्या संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देता मावशीने स्वतः पिठलं-भात केला.