पूर्ण समर्पण करा म्हणता, पण त्याची किंमत कोण मोजतं?

गेल्या पावसाळ्यात पिंपरीतल्या एका प्रार्थनासभेत प्रचारकांनी हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट सांगितली. 'प्रेषितांची कृत्ये'च्या पाचव्या अध्यायात ती आहे. नवरा-बायको शेत विकतात, आलेल्या पैशातला काही भाग मागे ठेवतात आणि उरलेला प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतात. दोघंही जागच्या जागी मरून पडतात. गोष्ट संपल्यावर प्रचारक म्हणाले, "आपल्यातही असे आहेत. दर रविवारी प्रार्थनेला येतात, पण सरकारी कागदावर दुसरा धर्म लावतात. देवाला अर्धं चालत नाही."

माझा धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. तो एमपीएससीची तयारी करतो. त्याच्या दाखल्यावर 'हिंदू मातंग' आहे आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. त्या दिवसापासून तो सभेला आलेला नाही. हा लेख त्याच्यासाठी आणि त्या प्रचारकांसाठी आहे. 'धर्म ही खासगी बाब आहे, कागदावर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या मित्रांसाठीही आहे.

मी शिरूर अनंतपाळचा, लातूर जिल्ह्यातल्या. पुण्यात नुसतं शिरूर म्हटलं की लोक नगर रस्त्यावरचं शिरूर समजतात, म्हणून पूर्ण नाव सांगावं लागतं. आमच्या घरात येशू आला तो मायच्या आजारपणात. शेजारच्या गावातली एक बाई येऊन तिच्यासाठी प्रार्थना करायची. माय बरी झाली आणि शुक्रवारी आमच्या ओसरीवर दहा-बारा माणसं बसू लागली. चर्च नव्हतं, बाक नव्हते. सतरंजी, एक ढोलकी आणि पुठ्ठा निघालेलं पवित्र शास्त्र, एवढंच होतं. मी तेव्हा सातवीत होतो. गावात आम्हाला पाणी वरून ओतूनच मिळायचं. त्या सतरंजीवर मात्र एकच तांब्या फिरायचा. मला देव पहिल्यांदा कळला तो त्या तांब्यात.

अकरावीत असताना मी दादांना, म्हणजे वडिलांना, म्हणालो की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. ते म्हणाले, "आधी डिग्री होऊ दे, मग जा पाण्यात." माय चिडली, "देव काय सर्टिफिकिट बघायलाय का?" दादा शांतपणे म्हणाले, "देव नाही बघत. कॉलेजवाले बघतेत."

हे संभाषण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत झालं असेल. त्याचं कारण १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूंखेरीज इतर धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नव्हती. १९५६मध्ये त्यात शीख आले आणि १९९०मध्ये बौद्ध. माझ्या बौद्ध मित्रांच्या घरच्यांनी धर्मांतरानंतर केंद्राच्या त्या यादीसाठी ३४ वर्षं वाट पाहिली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७च्या अहवालात धर्माची ही अट काढून टाकायला सांगितलं, ती निघाली नाही. २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका स्त्रीचा दावा फेटाळताना म्हटलं की, मनाने ख्रिस्ती असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे.

थोडक्यात, प्रचारक आणि न्यायालय एकच प्रश्न विचारत आहेत : तू पूर्ण कोणाचा?

प्रश्न रास्त आहे, हे मी आधीच मान्य करतो. ख्रिस्ती माणसाने समर्पित जीवन जगायचं म्हणजे आयुष्याचा रविवारपुरता तुकडा देवाला द्यायचा नाही. पगार, झोप, लग्न, जीभ, राग हे सगळं त्याचं. बाप्तिस्मा गुपचूप घ्यायचा नसतो, चार लोकांसमोर पाण्यात उतरायचं असतं. म्हणून 'धर्म घरात ठेव' हा मित्रांचा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. ज्या देवाला मी कागदावर ओळख देत नाही, त्याला मनात सगळं दिलंय असं म्हणणं मलाच पटेना. नोकरी लागल्यावर, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मी धरणाच्या पाण्यात उतरलो. दाखला कपाटात ठेवला तो पुन्हा कशासाठीही काढला नाही.

पण मला ते परवडलं. तोवर डिग्री हातात होती, हिंजवडीत नोकरी होती. ज्या दाखल्याने मला इंजिनीअरिंगची फी भरण्यातून वाचवलं, तो मी काम झाल्यावर ठेवून दिला. याला त्याग म्हणवत नाही. आणि तेवढ्या बळावर भावाला अर्धवट म्हणायचा अधिकार मला मिळत नाही.

आता हनन्याकडे परत जाऊ, कारण गोष्ट अर्धीच सांगितली गेली. पेत्र हनन्याला काय म्हणतो ते शास्त्रात स्पष्ट आहे : शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे सगळं द्यायची सक्ती कोणी केली नव्हती. काही मागे ठेवणं हा हनन्याचा गुन्हा नव्हता. काही मागे ठेवून 'सगळं दिलं' असं दाखवणं हा गुन्हा होता. माझा भाऊ सगळं दिल्याचा दावा करत नाही. तो मागच्या रांगेत बसतो, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर पुढे आली की मान हलवून पुढच्याला देतो. लपवाछपवी त्याच्याकडे नाही.

मग हनन्या कोण? गेल्या वर्षी माझ्यासाठी एक स्थळ आलं. तीन पिढ्या ख्रिस्ती असलेलं, चर्चमध्ये मान असलेलं घर. मुलीच्या वडिलांनी नोकरी विचारली, साक्ष विचारली, पाठ असलेली वचनं विचारली. चहा संपत आल्यावर हळूच विचारलं, "तसे तुम्ही मूळचे कोण?" मी सांगितलं. पुढे फोन आला नाही. वेदीवर सगळं ठेवलं असं म्हणायचं आणि जात तेवढी खिशात ठेवायची. पेत्र आज आला तर आधी या दारात थांबेल.

मराठी माणसाला ख्रिस्ती समर्पण म्हटलं की दोन नावं आठवतात : पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक. दोन्ही नावांचा मला आदर आहे, म्हणूनच ती सोयीने वापरलेली खपत नाहीत. आमच्या सभांमध्ये रमाबाईंची फक्त प्रार्थना सांगतात. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई ज्यांनी तिला आश्रय दिला त्याच सिस्टरांशी वर्षानुवर्षं पत्रांतून भांडली, हे सांगत नाहीत. मी ख्रिस्ताची शिष्य आहे, पाद्र्यांच्या हुकमाची ताबेदार नाही, हा तिच्या म्हणण्याचा अर्थ होता. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही तिने विचारलं. पुढे केडगावला तिने हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल केलं आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांच्याच हातून छापून घेतलं. १९२२मध्ये ती गेली ते हे काम हातावेगळं करूनच. तिचं समर्पण देवाला होतं आणि त्याच कारणासाठी तिने माणसांना नाही म्हटलं.

टिळकांनी १९१७मध्ये, वयाच्या पंचावन्नाच्या आसपास, अमेरिकन मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. दोन वर्षांत ते वारले. समर्पणावर बोलायचं तर आधी स्वतःच्या पगारावर बोलावं, हा धडा त्यात आहे. आमच्या व्यासपीठांवरून तो फारसा दिला जात नाही.

पण या दोघांचं उदाहरण माझ्या भावाला लावताना एक गोष्ट विसरली जाते. दोघंही चित्पावन घरातले. बाप्तिस्म्याने टिळकांचं घर मोडलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांनी तोंड फिरवलं. किंमत खरी होती आणि मोठी होती. त्यांनी जे गमावलं ते जातीने दिलेला मान. मातंगाला जातीने मान दिलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडून तो काढून घेता येत नाही. बाप्तिस्म्यानंतर आमची जात जात नाही, नुसता तिचा दाखला जातो. शिरूरमध्ये आमचं घर आजही त्याच गल्लीत आहे आणि चौकातला चहावाला आम्हाला त्याच नावाने ओळखतो. पाण्यातून वर आल्यावर माणूस अस्पृश्यतेतून मोकळा झाला असं कायदा समजतो. कायद्याने एकदा त्या चौकात येऊन चहा प्यावा.

आणि जे म्हणतात की आमच्यासारखे लोक तांदळासाठी बाटतात, त्यांनी हिशेब तरी नीट करावा. धर्म बदलला तर शिष्यवृत्ती जाते, राखीव जागा जाते, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण जातं. एवढं सोडून जो पाण्यात उतरतो त्याला लोभी म्हणायला धाडस लागतं.

हा प्रश्न आजचाही नाही. १८५५मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद आमचे नाहीत, मग आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारलं. तो निबंध छापला गेला 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती मिशनच्या नियतकालिकात. पुढे टिळकांनी ज्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं, तेच हे 'ज्ञानोदय'. धर्म कोणता ते माझ्या मायने आपल्यापुरतं ओसरीवर ठरवलं. आता सरकार म्हणतं, तो धर्म घ्यायचा तर दुःखाचा पुरावा जमा करा.

शास्त्रात हनन्याच्या बरोबर आणखी एक माणूस आहे, त्याच्यावर मी अजून प्रवचन ऐकलेलं नाही. अरामी सेनापती नामान. कोडातून बरा झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाला मानतो, पण अलीशाला एक अडचण सांगतो : माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला अर्धवट म्हणत नाही. शांतीने जा म्हणतो, एवढंच. नामानाच्या हातावर राजा टेकलेला होता. माझ्या भावाच्या हातावर म्हातारे आईबाप आणि कोरडवाहू तीन एकर टेकलेले आहेत.

नामान कायमचा त्या देवळात राहावा असं मी म्हणत नाही. भावाने एक दिवस पाण्यात उतरावं अशी माझी इच्छा आहे आणि मी ती त्याच्यापासून लपवत नाही. पण तो उतरेल तेव्हा स्वतःच्या पायांनी उतरेल, प्रचारकाच्या धाकाने नाही. परिणाम माहीत असून उतरला तर ते समर्पण. मोजावी लागणारी किंमत मी मोजेन, तोही मोजेल. ती न्याय्य आहे असं मात्र आमच्याकडून कोणी वदवून घेऊ नये.

प्रचारकांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या रविवारी हनन्याची गोष्ट पुन्हा सांगा, पण पूर्ण सांगा. मग सभेतल्या किती घरांनी आपल्या मुली मातंग विश्वासणाऱ्यांच्या घरात दिल्या आहेत, ते विचारा. तिसरा परिच्छेद रद्द व्हावा म्हणून अर्जावर सही करायला किती जण तयार आहेत, तेही विचारा. हात वर झाले की मला कळवा. भावाला मी स्वतः घेऊन येतो.