किल्ली ज्याची त्याच्याकडे

१९९९ साली आमच्या घरी संगणक आला. मुले खेळताना माझे लेख पुसून टाकतील, या धास्तीने मी विंडोज ९८ला पासवर्ड घातला आणि निर्धास्त झालो. चौथ्याच दिवशी कचेरीतून येऊन पाहतो, तर आठवीतले चिरंजीव निवांत सॉलिटेअर खेळत बसलेले! "बाबा, नुसते एस्केपचे बटण दाबायचे," त्याने मलाच शिकवले.

पुढे कळले, तो पासवर्ड कोणाला अडवण्यासाठी नव्हताच. एकाच यंत्रावर प्रत्येकाची मांडणी वेगळी राहावी, एवढ्यासाठी तो ओळख विचारी. ओळख विचारणाऱ्याला मी पहारेकरी समजलो होतो!

२००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आले. काही दिवसांनी ते घेऊन आम्ही चौघांची चार खाती उघडली. सौभाग्यवतींनीही पासवर्ड घातला. मी सहज विचारले, "तुला काय लपवायचे आहे?"

"मग तुम्ही इतके दिवस काय लपवत होतात?"

मी निरुत्तर झालो. माझे कुलूप म्हणजे कामाची काळजी आणि तिचे म्हणजे संशयाला जागा, हा कुठला न्याय?

माझ्या आईचे अख्ख्या घरात स्वतःचे असे एकच कुलूप होते, पत्र्याच्या ट्रंकेचे. वडिलांनी त्याची किल्ली कधी मागितली नाही. आज घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलला कुलूप असते. ते दिसले की मला ती ट्रंक आठवते, आणि जिभेवर आलेला प्रश्न मी गिळून टाकतो.