सोनेरी पट्ट्यांची लाल झेन

सगळ्यात आधी एक कबुली देऊन टाकते. आमची लाल झेन मी ऑफिसच्या मेन पार्किंगमध्ये कधीच लावत नाही. मागच्या गेटला, जनरेटरच्या पलीकडे लावते आणि तिथून चालत येते. ‘तेवढ्याच स्टेप्स होतात गं’ असं टीममध्ये सांगून ठेवलंय. खरं कारण वेगळंच. पट्टे!

दोन सोनेरी पट्टे. वरचा जाड, खालचा बारीक. हेडलाइटपासून निघून दोन्ही दारांवरून थेट टेललाइटपर्यंत, आणि मागच्या चाकाच्या वर शेपटीसारखा एक झोकदार वळसा. गाडी घेतली २००४मध्ये. २००५च्या दसऱ्याला बाबांनी नाना पेठेतून टेपचा रोल आणला आणि पार्किंगमध्ये पाटावर बसून दुपारभर स्वतःच्या हातानं लावला. मी तेव्हा आठवीत. आणि खोटं कशाला बोलू, मला ते पट्टे जाम आवडले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीला नव्हते ना तसले!

वीस वर्षांनी त्यांचं काय झालं ते विचारू नका. सोनेरीचा झाला मोहरीचा रंग. मोहरीला पडल्या भेगा. कडा उलटल्या आणि त्यात पुण्याची सगळी धूळ जाऊन बसली. गाडी मात्र ठणठणीत. २०१९ला री-रजिस्ट्रेशन झालं, २०२४ला पुन्हा झालं, ग्रीन टॅक्स भरला, इंजिन अजून पहिल्या सेल्फला चालू होतं. नवीन गाडी घ्यायचं म्हटलं की इएमआय डोळ्यांपुढे येतो. म्हणून ठरवलं, गाडी हीच, पण पट्टे गेलेच पाहिजेत.

बाबांना विचारलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “काढ की. मला काय त्याचं?” आमच्या घरात ‘मला काय त्याचं’चा अर्थ ‘मला पुष्कळ आहे त्याचं’ असा असतो. पण मी तो ऐकलाच नाही. सोयीस्कर बहिरेपणा, यू नो.

आता कामाचा फंडा. मी आधी काय करणार होते, तर नखानं कड उचलायची आणि सर्रकन ओढायची. आईनं वाचवलं. ती म्हणाली, “अगं, नव्या पातेल्यावरचा स्टीकर कसा काढतेस?” पातेलं गॅसवर धरायचं, जरा तापलं की स्टीकर अलगद निघतो. बॉस, यातच सगळं आलं! टेपच्या मागचा गोंद गार असला की कडक, गरम झाला की मऊ. गाडी काही गॅसवर धरता येत नाही, म्हणून हेअर ड्रायर.

पहिलं म्हणजे गाडी स्वच्छ धुवायची. हे टाळू नका, कारण पट्ट्याच्या कडेला साठलेली वाळू तुम्ही पुढे दिवसभर रंगावर घासणार असता. मग गाडी सावलीत घ्यायची आणि ड्रायर वीतभर लांब धरून एका वेळी टीचभर पट्टा तापवायचा. ड्रायर सतत हलता ठेवायचा. माप सोपं आहे. पत्र्यावर हात टेकवून बघा. गरम लागला पाहिजे, पण हात ठेवता आला पाहिजे. हात झटकावासा वाटला तर जास्त झालं, थांबा. काही हौशी मंडळी हीट गन आणतात. सवय असेल तर आणा. मला सवय नव्हती आणि तिनं रंगाला फोड यायला फार वेळ लागत नाही.

कड उचलायला ब्लेड नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, स्वयंपाकघरातली सुरी तर मुळीच नाही. एक्स्पायर झालेलं क्रेडिट कार्ड घ्या. प्लास्टिक रंगापेक्षा मऊ असतं, चूक झाली तरी झिजतं ते कार्ड. ब्लेडचा धडा आमच्या घरानं आधीच घेतलाय. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा बाबांनी मागच्या काचेची फिल्म ब्लेडनं खरवडून काढली. काचेला काही झालं नाही, पण डीफॉगरच्या दोन तारा गेल्या त्या गेल्या. दर पावसाळ्यात मागच्या काचेवर मधोमध एक धुक्याचा पट्टा उरतो.

कड सुटली की टेप सरळ बाहेर नाही ओढायची. तिला तिच्याच अंगावर मागे दुमडायची, जवळजवळ पत्र्याला चिकटून, आणि हळू... गोगलगाईसारखं हळू ओढायची. सरळ बाहेर ओढलं की ताण रंगावर येतो, दुमडून ओढलं की गोंदाच्या रेघेवर. आपल्याला गोंदाशीच भांडायचंय.

हे सगळं थिअरीत. प्रत्यक्षात आमचे पट्टे उन्हानं इतके वाळले होते की लांब पट्टी म्हणून निघेचनात. प्लास्टिकला लवचीक ठेवणारं जे काही असतं ते उन्हात उडून जातं आणि मग टेपचे होतात पापडाचे तुकडे. पुढचं उजवं फेंडर, एवढ्याशा जागेला पावणेदोन तास! नखांचं मॅनिक्युअर गेलं, ड्रायर दोनदा तापून बंद पडला. बाबा खुर्ची टाकून बाजूला बसले होते. मधूनच म्हणायचे, “चांगल्या प्रतीचा होता रोल.”

टेप गेली तरी मागे गोंद उरतोच. चिकट, पिवळट, बोटाला लागला की जेवताना पोळीलाही लागतो. त्यासाठी मी तपकीर गल्लीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. सर्किट बोर्ड पुसायला वापरतात ते. कापडावर घ्यायचं, गोंदावर मिनिटभर दाबून धरायचं, मग गोळा करत पुसायचं. आधी दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, थेंबभर लावून बघा. कापडाला रंग आला तर ते राहू द्या आणि साधं खोबरेल लावून वाट बघा. गोंद त्यानंही सुटतो, फक्त संध्याकाळ जाते. नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी असतो म्हणून मोह होतो, पण नको हं! त्यातलं अ‍ॅसिटोन रंगालाच विरघळवतं. थिनरचंही तेच. गोंद गेल्यावर साबणाच्या पाण्यानं पुन्हा धुवायचं.

आणि इतकं सगळं करून काय दिसलं? पट्टे! म्हणजे पट्ट्यांची भुतं. टेपखालचा रंग वीस वर्षं उन्हाआड राहिलेला, डाळिंबासारखा लालभडक. बाजूचा सगळा रंग विटून गुलाबीकडे झुकलेला. लाल रंग उन्हात फार लवकर उतरतो, हे मला आत्ता कळलं. उपाय एकच, विटलेला थर हलक्या हातानं पॉलिश करून खालचा ताजा रंग वर आणायचा. आमच्या झेनवर पॉलिश केलं की फडकं लाल होतं, म्हणजे वर क्लिअर कोटचा थर नाही, रंगच थेट उघडा आहे. अशा गाडीवर फार जोर लावायचा नाही, कारण कारखान्यातला सगळा रंग मिळून माणसाच्या एखाद-दोन केसांच्या जाडीएवढा असतो. मी दोन रविवार घालवले. भुतं फिकी झाली. संध्याकाळी तिरक्या उजेडात बघितलं तर अजून दिसतात.

पण मला सांगायचंय ते डाव्या बाजूच्या मागच्या दाराबद्दल.

तिथे मी शेवटी पोचले, दुसऱ्या रविवारी. ड्रायर लावला, कार्ड सरकवलं, आणि टेप चक्क सलग निघायला लागली. एकही तुकडा नाही! रंगही खाली-वर सारखाच, भूत नाही. मला वाटलं, वा, आता जमायला लागलं आपल्याला. स्पीड वाढवला. ड्रायर बाजूला ठेवला. आणि अर्ध्या दारावर आल्यावर टेपबरोबर रुपयाएवढी रंगाची खपली उचलून आली. खाली पिवळसर पुट्टी.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे छापता येणार नाही. मग डोकं चाललं. फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं, रुमालात गुंडाळून दारावर फिरवलं. पुढच्या दाराला टक्कन चिकटत होतं. मागच्या दारावर मधोमध, वीतभर जागेत, चिकटेचना. रबराच्या बीडिंगवर बघितलं तर लाल रंगाचे बारीक शिंतोडे. हे दार गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेलं होतं. कंपनीचा रंग सहसा टेपबरोबर येत नाही. नंतर मारलेला रंग, खाली नीट घासलेलं नसेल, तर येतो. आणि टेप सलग निघाली, कारण ती फार उन्हं खाल्लेली नव्हती. नंतर लावलेली होती.

कधी? मला तर काहीच माहीत नव्हतं.

“बाबा, हे दार कधी ठोकलं?”

ते काही बोलले नाहीत. आई गॅलरीतून कपडे काढत होती, तिचे हात थांबले. म्हणजे तिला माहीत होतं.

“सतरा साली,” बाबा म्हणाले. “तू बंगलोरला होतीस.”

संध्याकाळची वेळ, डावीकडे वळायचं होतं. कडेला विजेचा खांब. त्यांना तो दिसलाच नाही. अंधारात नाही दिसला असं नाही, डावीकडचं काहीच दिसलं नाही. “खांब होता कुठे? मला आवाजच आला फक्त.” कुणाला लागलं नव्हतं. त्यांनी गाडी ओळखीच्या गॅरेजला टाकली, चार दिवसांनी आणली आणि कपाटात ठेवलेला २००५चा उरलेला रोल काढून त्या दारावर पट्टे जसेच्या तसे लावले. वळशासकट. दिवाळीला मी आले तेव्हा मला कळू नये म्हणून.

बाबांना काचबिंदू आहे हे मला माहीत होतं. २०१८पासून रोज रात्री थेंब घालतात. पण मी समजत होते की रुटीन चेकअपमध्ये निघाला. तसं नव्हतं. खांबानं सांगितलं, आणि मग त्यांनी आणखी वर्षभर कुणालाच सांगितलं नाही. काचबिंदूत बहुतेकदा समोरचं शेवटपर्यंत नीट दिसत राहतं, कडा आधी जातात. पेपर वाचता येतो, माणूस ओळखता येतो, खांब दिसत नाही. आणि गेलेलं परत येत नाही, थेंब फक्त पुढचं वाचवतात. ते वर्ष थेंबांविना गेलं.

“सांगितलं का नाही तुम्ही?”

“किल्ली काढून घेतली असतीस.”

घेतलीच असती. फोनवरून, बंगलोरहून, कडक आवाजात. त्याऐवजी त्यांनी स्वतःच आधी रात्रीचं चालवणं सोडलं, मग पावसातलं, मग सगळंच. मी २०२०मध्ये परत आले तेव्हा ‘आता कंटाळा येतो ट्रॅफिकचा’ म्हणून किल्ली माझ्या हातात दिली, आणि मला वाटलं, चला, फुकटात गाडी मिळाली! पट्ट्यांवर मी पहिल्या आठवड्यातच नाक मुरडलं होतं. तेव्हाही म्हणाले होते, “मला काय त्याचं?”

त्या रविवारी मी दार तसंच सोडलं. अशा दारासाठी खरा सल्ला हाच आहे. नंतर रंगवलेला पत्रा असेल तर ड्रायर बाजूला ठेवायचा नाही, अल्कोहोल लावायचं नाही, घाई करायची नाही, आणि खपली निघायला लागली तर टेप तिथेच कापून हात मागे घ्यायचा. चुंबकाची परीक्षा आधी घ्या, माझ्यासारखी नंतर नको.

बुधवारी अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. आई-वडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर मुलांना धोका जास्त असतो, हे बाबांच्या डॉक्टरांनी २०१८मध्येच सांगितलं होतं म्हणे. ‘मुलीला घेऊन या’ असंही. डोळ्यांचं प्रेशर मोजलं, मागची नस बघितली, मग एका पांढऱ्या भांड्यासारख्या मशीनमध्ये डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं. कडेचे ठिपके शोधताना घाम फुटला मला. सध्या सगळं ठीक आहे. दरवर्षी यायला सांगितलंय.

घरी आले तर बाबा पार्किंगमध्ये, दारापुढे पाटावर बसलेले. हातात जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर रोल. अजून हातभर टेप शिल्लक होती, सोनेरी, एकदम कोरी.

“त्या खपलीवर लावायला,” म्हणाले. “पाणी शिरेल नाहीतर. पत्रा गंजेल.”

खरं तर तिथे टच-अप पेंट लावायला हवा. शनिवारी आणणार आहे. तोवर मी तीन इंचाचा तुकडा कापला आणि त्यांनी सांगितला तिथे लावला. दोनदा वाकडा लागला म्हणून काढायला लावला त्यांनी.