मुली मैदानावर राहिल्या पाहिजेत

कोलाड, रोहा, पेण आणि आसपासच्या गावांतल्या कबड्डी मंडळांचे कार्यकर्ते, शाळांमधले क्रीडाशिक्षक, खेळाडू मुलींचे आईवडील आणि स्वतः खेळणाऱ्या मुली, तुम्हां सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे.

भातकापणी उरकली, शेतं मोकळी झाली की आपल्याकडे मैदानं आखली जातात. प्रकाशझोतातले सामने रात्री उशिरापर्यंत चालतात आणि मुलींचे संघ टेम्पोत किंवा ट्रॅक्समध्ये बसून गावोगाव जातात. आपल्या भागातल्या मुलींना घराबाहेर, उजेडात, टाळ्यांच्या गजरात उभं राहण्याची जी थोडी ठिकाणं आहेत, त्यांत हे मैदान सगळ्यांत मोठं आहे. ते वाचवायचं आहे.

कशापासून? दहावीच्या आसपास संघातल्या मुली गळायला लागतात. अभ्यास, घरकाम, पुढे लग्न, ही कारणं आपण उघड बोलतो. एक कारण मात्र कुणी बोलत नाही. मुलगी घरी येऊन काहीतरी अर्धवट सांगते, आईच्या पोटात खड्डा पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून सराव बंद होतो. ‘उगाच बोभाटा नको’ म्हणून कुणी पुढे विचारत नाही. मुलगी घरी बसते आणि ज्याच्यामुळे ती घरी बसली तो माणूस मैदानावरच राहतो, पुढच्या वर्षीच्या मुली त्याच्याच हाताखाली येतात. आपल्या तालुक्यात अमुक ठिकाणी असं घडलं, असा आरोप मी करत नाही. पण उद्या घडलं तर मुलीने कुणाला सांगायचं, हे आपल्या किती मंडळांनी ठरवून ठेवलं आहे?

हा प्रश्न जगातल्या सगळ्यांत झगमगत्या खेळातल्या मुलींनी विचारला, म्हणून तो ऐकू आला. अमेरिकेत रेचल डेनहॉलँडर नावाची जिम्नॅस्ट २००० साली पंधरा वर्षांची होती. पाठीच्या दुखण्यासाठी तिला लॅरी नासर या नामांकित डॉक्टरकडे नेलं. उपचाराच्या नावाखाली त्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला तेव्हा तिची आई त्याच खोलीत होती. तो आपलं अंग मध्ये घालून आईची नजर अडवत असे. ‘आम्ही सोबत असतो, मग काय होणार?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. रेचल २०१६ साली नाव लावून वर्तमानपत्रापुढे आली आणि मग एकेक करून इतर मुली बोलू लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगच्या न्यायालयात १५६ जणींची निवेदनं झाली. न्यायाधीश रोझमेरी अ‍ॅक्विलिना यांनी बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकीला बोलू दिलं आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली.

नासरचं नाव जगाला कळलं. मला त्याच्या भोवतालच्या माणसांबद्दल बोलायचं आहे, कारण आपण त्या जागी उभे आहोत. नव्वदच्या दशकातच काही मुलींनी मोठ्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांना गैरसमज झाला असेल, असं सांगून परत पाठवण्यात आलं. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथल्या जिम्नॅस्टिक्स महासंघापर्यंत तक्रार पोहोचली. महासंघाने ती केंद्रीय तपास यंत्रणेला कळवायला पाच आठवडे लावले आणि यंत्रणेने कळल्यावरही वर्षभर ढिलाई केली. सरकारच्याच चौकशीत पुढे निघालं की, तक्रार पोहोचल्यापासून तो उघडा पडेपर्यंतच्या काळात आणखी सत्तर किंवा त्याहून जास्त खेळाडूंवर अत्याचार झाले. म्हणजे पहिल्या मुलीचं बोलणं ऐकलं असतं तर या सत्तर जणी वाचल्या असत्या. सिमोन बाइल्स, अ‍ॅली रेझमन, मकायला मरोनी आणि मॅगी निकल्स या जिम्नॅस्ट सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हेच सांगायला गेल्या. एका माणसावर बोट ठेवून त्या थांबल्या नाहीत. ज्यांनी त्याला मोकळं ठेवलं त्या सगळ्या व्यवस्थेचा हिशेब त्यांनी मागितला.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रशिक्षकांनी मनावर घ्यावी. टेक्सासमधल्या ज्या शिबिरात राष्ट्रीय संघ तयार होत असे, तिथे पालकांना प्रवेश नव्हता. शिस्त कडक, खाणं मोजून, दुखापत बोलून दाखवायची सोय नाही. अशा जागी नासर मुलींना चोरून खाऊ द्यायचा, हसून बोलायचा. कायम ओरडा खाणाऱ्या, उपाशी, घाबरलेल्या मुलींना तो एकटाच माणूस प्रेमळ वाटत होता. क्रूर शिस्तीनेच त्याची वाट मोकळी करून दिली. ब्रिटनमध्ये अ‍ॅन व्हाइट यांनी जून २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात हीच शिस्त पानोपानी सापडते. चारशेहून अधिक निवेदनं त्यांच्यापुढे आली आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त निवेदनांत शारीरिक छळाचं वर्णन होतं. दुखापतीवरही सराव करायला लावणं, पाणी न देणं, सतत वजन करणं हे त्यात होतं. मुली खाण्याचे पदार्थ लपवून ठेवत होत्या.

जिम्नॅस्टिक्स आपल्याकडे फारसं नाही, पण दोरीच्या मल्लखांबावरच्या लहान मुली पाहिल्या की त्या खेळात काय लागतं ते कळतं. अंग शिकवणाऱ्याच्या हाती सोपवावं लागतं. कबड्डीतही पकड शिकवताना हात लागतोच. किशोरी गटाला वयाबरोबर वजनाचीही अट असते आणि वजन बसावं म्हणून आदल्या दिवशी मुलीला जेवू-पिऊ न देणं हा आपण ‘खेळाचाच भाग’ समजतो. चुकली की कानाखाली मारणं हेही शिस्तीत मोडतं. ते थांबलं पाहिजे. मार आणि उपासमार सोसायची सवय लागलेली मुलगी त्याहून वाईट गोष्टही मुकाट्याने सोसते.

त्यात निवड करणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते ते पाहा. जिल्हा संघात नाव आलं तर प्रमाणपत्र मिळतं, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि पुढची पातळी गाठली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणाची आशा असते. धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाणाऱ्या बापाच्या मुलीला हे सगळं एका माणसाच्या होकारावर अवलंबून दिसत असेल, तर ती त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडेल?

देशातही चित्र वेगळं नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी झाल्या आणि त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, असं जानेवारी २०२० मध्ये माहिती अधिकारातून उघड झालं. तक्रार न केलेल्यांची मोजणी कुणाकडे नाही. जिम्नॅस्टिक्सच्या विश्वचषक स्पर्धेत भारताला पहिलं पदक मिळवून देणाऱ्या अरुणा बुद्दा रेड्डी यांनी २०२२ मध्ये तक्रार केली की, तंदुरुस्ती चाचणीच्या वेळी आपलं चित्रीकरण संमतीशिवाय झालं. पदक जिंकलेल्या खेळाडूलाही ‘मला विचारलं का?’ हे लढून विचारावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट आणि साक्षी मलिक या कुस्तीपटू लैंगिक छळाचे आरोप घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. गुन्हा नोंदला गेला एप्रिलअखेर, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण तक्रार नोंदवून घ्यायला ऑलिंपिक पदकविजेतीला फुटपाथवर झोपावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच सुमारास देशातल्या जवळपास निम्म्या क्रीडा महासंघांत कायद्याने बंधनकारक असलेली तक्रार समिती धड नसल्याचं समोर आलं. महासंघांची ही तऱ्हा, तर गावच्या मंडळाचं काय सांगावं!

तरीही तक्रार ऐकण्याची सोय गावचं मंडळ महासंघाच्या आधी करू शकतं, कारण इथे आपण एकमेकांना ओळखतो. नेमकं हे ओळखणंच आड येतं, हेही मान्य करू या. मुलीने काही सांगितलं की आधी गावकीची बैठक बसते. दोन्ही घरं आपलीच, गावाची इज्जत जाईल, स्पर्धा तोंडावर आली आहे, त्याच्याकडून माफी घेऊ आणि मिटवू, असं ठरतं. मंडळींनो, मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर हे मिटवण्याचा अधिकार गावकीला नाही, मंडळाला नाही, आईवडिलांनासुद्धा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे आणि संस्थाप्रमुखाने दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला तो यासाठीच.

पोलीस म्हटलं की घरची माणसं घाबरतात, म्हणून सांगतो. याच कायद्यात लिहिलं आहे की, मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेश न घालता घ्यायचा, आणि तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. तिचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघा कोण ती’ म्हणून पुढे पाठवणाराही यात सापडतो. आणि बोलणाऱ्या कुटुंबाला कुणी वाळीत टाकलं, तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो होण्यामागे आपल्याच रायगडातल्या कितीतरी घरांनी सोसलेला बहिष्कार आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

अठरा पूर्ण झालेल्या मुलींसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. तो फक्त कचेरीतल्या बायकांसाठी आहे असा समज आहे, पण त्यात क्रीडासंस्था, मैदान, स्पर्धेचं ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तक्रार करणारी नोकरीत असायची गरज नाही. दहापेक्षा कमी माणसं काम करतात अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिन्यांची असते, कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने मिळतात. अलिबागपर्यंत एस.टी.चे हेलपाटे एकटीने घालायला लागू नयेत म्हणून मंडळातल्या एका बाईने तिच्यासोबत जाण्याची जबाबदारी आधीच घेऊन ठेवावी.

प्रामाणिक प्रशिक्षकांना हे वाचून वाईट वाटेल. आपल्याकडे बहुतेक जण मानधनाशिवाय, कामावरून सुटून संध्याकाळी मैदानात येतात, स्वतःच्या खिशातून मुलींना बूट घेऊन देतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की कुंडलिकेत राफ्ट लोटण्याआधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावतात आणि सूचना ऐकवतात. त्यात गाइडवर अविश्वास आहे असं कुणाला वाटत नाही. नियम सगळ्यांना सारखे असले की खोट्या कुजबुजीपासून तुमचंही रक्षण होतं. तक्रार आली की जमावाने न्याय करायचा नाही, चौकशी होईपर्यंत त्या माणसाने सरावापासून दूर राहायचं, मुलीने नाही.

आता या हंगामाआधी काय करायचं ते सांगतो. मुलींचा संघ बाईमाणूस सोबत असल्याशिवाय गावाबाहेर जायचा नाही. ‘बाई मिळत नाहीत’ हे कारण चालणार नाही. प्रत्येक गावात लग्न करून आलेल्या दोन-तीन सुना अशा असतात ज्यांनी माहेरी मैदान गाजवलेलं असतं. कधी कुणी त्यांना विचारलं आहे? त्यांना संघ व्यवस्थापक करा, जमलं तर प्रशिक्षक करा आणि त्यांच्या घरच्यांनी रात्रीच्या सामन्यांना त्यांना मोकळेपणाने जाऊ द्यावं. मुलींशी बोलणं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्हावं, तिथे आया असाव्यात, एकट्या मुलीला रात्री वैयक्तिक संदेश नको. मालिश, दुखापत पाहणं, वजन करणं हे दुसऱ्या बाईसमोर व्हावं आणि मुलीला विचारून व्हावं. कपडे बदलायला आडोसा आणि दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर आयोजकांनी मुलींचे सामने ठेवूच नयेत.

शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती नेमायची आहे. मुख्याध्यापकांनी खेळाचा सराव आणि स्पर्धेचा प्रवास तिच्या कामात घ्यावा. ग्रामपंचायतीच्या महिला ग्रामसभेत मैदानावरच्या दिव्यांचा आणि स्वच्छतागृहाचा ठराव मांडा. संख्या भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, तर या वेळी खेळाडूंच्या आयांनीच ती भरवावी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि त्यात सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. ते दिल्लीहून कोलाडला कधी उतरेल याची वाट पाहत बसू नका. तालुक्यातल्या मंडळांनी एकत्र येऊन ठरवावं की, स्पर्धेच्या प्रवेशिकेवर महिला व्यवस्थापकाचं नाव आणि सही नसेल तर मुलींचा संघ मैदानात घेतला जाणार नाही. एका स्पर्धेने हे केलं की बाकीच्यांना करावंच लागेल.

आईवडिलांनो, मुलीने काही सांगितलं तर पहिलं वाक्य ‘तू तिथे गेलीसच का?’ हे नको. तिचं पूर्ण ऐका, तारीख-वेळ लिहून ठेवा, फोनमधले संदेश पुसू नका आणि तिचा सराव बंद करू नका. अगदीच सुचत नसेल तर १०९८ लावा, तो मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. तातडी असेल तर ११२.

आणि मुलींनो, हे दोन्ही क्रमांक मंडळाच्या फलकावर, संघाच्या नावांच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहून मागा. कुणी ‘कशाला?’ म्हणून विचारलं, तर त्याला हा लेख वाचायला द्या आणि फलक लागेपर्यंत विचारत राहा.