नंबर एका विमानाचा, दोष साऱ्या जातीचा

विमानाच्या अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरे त्याचा देश सांगतात आणि मालकाचा पत्ता लावून देतात. ते उडण्याजोगे आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र वेगळे असते. तरीही जुन्या छोट्या विमानाची चौकशी करताना ‘या नंबरला कधी अपघात झाला का?’ एवढे विचारून लोक थांबतात. गफलत होते ती इथेच.

डी हॅविलँड कंपनीचे ‘पस मॉथ’ १९२९ साली प्रथम उडाले. एक इंजिन, वर पंख, बंद केबिनमध्ये दोन-तीन माणसे. पुढे दोन चाके आणि शेपटीखाली जमिनीवर घासत जाणारी पट्टी. पुढे या पट्टीच्या जागी छोटे चाक आले, पण स्वभाव तोच राहिला. अशा मागे टेकणाऱ्या विमानाचे वजन मुख्य चाकांच्या मागे तोललेले असते. उतरताना नाक जरा वाकडे झाले की शेपूट पुढे धावू पाहते आणि विमान गरकन फिरते. पंखाचे टोक घासते, चाकाचा सांगाडा मोडतो, वैमानिकाची शोभा होते. जीव सहसा वाचतो.

पस मॉथचे दुखणे मात्र निराळे होते. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक विमान हवेतच मोडले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ड्राकेन्सबर्ग डोंगरांत ग्लेन किडस्टन हा नामांकित मोटारशर्यतपटू आणि वैमानिक साथीदारासह गेला. जुलै १९३२ मध्ये खुद्द इंग्लंडमध्ये तेच घडले. तीन खंड, तीन नंबर, तीन फायली. सुटी फाईल वाचणाऱ्याला वादळी वारा किंवा वैमानिकाचा वेग हेच कारण पुरेसे वाटावे. अपघात शेजारी-शेजारी मांडून इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमान-संशोधकांनी तपास केला, तेव्हा दोष पंखाला पेलणाऱ्या टेकूकडे निघाला. जोरदार झोतांत पुढचा टेकू वाकत होता किंवा त्याचा सांधा तुटत होता. त्या टेकूला मधोमध आधार देणारी एक छोटी दांडी, एवढाच इलाज निघाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, ते व्हीटी-एडीएन या पस मॉथमधून. तो दिवस आपण अभिमानाने साजरा करतो, आणि ते रास्तच आहे. पण तोवर वरचे तिन्ही अपघात घडून गेले होते, हे गौरवलेखांत क्वचितच येते. त्या उड्डाणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, झाले तर वाढतेच.

अशा दोषावर दुरुस्तीची सूचना निघते ती साऱ्या जातीसाठी. ती अमलात आल्याची नोंद मात्र एकेका विमानाच्या लॉगबुकात, तारीख आणि सहीसह पडते. म्हणून जुने विमान घेणाऱ्याने, मग तो फ्लाइंग क्लब असो की हौशी मालक, आधी त्या जातीच्या सक्तीच्या सूचनांची यादी मिळवावी आणि मग लॉगबुकातील एकेक नोंद तिच्याशी ताडून पाहावी. विमान परदेशातून आले असेल तर नव्या नोंदणीवर विसंबू नये. देश बदलला की अक्षरे बदलतात. कारखान्याने सांगाड्याला दिलेला क्रमांक तोच राहतो, आणि आधीच्या देशातले अपघात व दुरुस्त्या त्याच क्रमांकावरून शोधाव्या लागतात.