‘समाजस्वास्थ्य’ आणि आपली वाङ्मयेतिहासदृष्टी

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येते ते बहुधा एका परिच्छेदापुरते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, संततिनियमनाचे पुरस्कर्ते, ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक, अशी तीन विशेषणे लावून इतिहासकार पुढच्या ग्रंथकाराकडे वळतो. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललेले हे मासिक ‘समाजकार्य’ या खात्यावर जमा केले, की वाङ्मयाभ्यासकाची जबाबदारी संपली असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखकाला ही वाटणी मान्य नाही.

तिचा फोलपणा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अश्लीलतेचा प्रश्न आपल्या वर्गांतून शिकविला जातो, तो मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वरील खटल्यापासून. तो खटला स्वातंत्र्योत्तर काळातला. कवी निर्दोष सुटला आणि कलामूल्याच्या चर्चेला एक सोयीचा आधार मिळाला. कर्वे मात्र १९३१ साली शंभर रुपये आणि १९३४ साली दोनशे रुपये दंड भरून बसले होते. हरलेल्या खटल्यांना अभ्यासक्रमात जागा नसते, असे तर नव्हे?

यांपैकी १९३४ चा खटला विशेष विचारार्ह आहे. वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना कर्व्यांनी मासिकातून दिलेली उत्तरे, हा आक्षेपाचा विषय होता. हस्तमैथुन, समसंभोग यांसारखे शब्द छापले जाणे हाच गुन्हा मानला गेला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. उपलब्ध वृत्तान्तावरून त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा दिसतो : लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, लोक विचारतात तर जाणकाराने उत्तर दिले पाहिजे, आणि ज्याला विकृती म्हटले जाते ती विकृती असलीच, तर ज्ञानानेच दूर होईल. समलिंगी आकर्षणाविषयी हॅवलॉक एलिस यांचा आधार घेऊन, ज्यांची प्रकृतीच तशी आहे त्यांना आपल्या मार्गाने सुख मिळविण्याचा हक्क आहे, येथपर्यंत ते गेले. ‘हक्क’ हा शब्द येथे महत्त्वाचा. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ त्या वेळी पूर्ण अमलात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विधानाचे वजन कळते.

हा युक्तिवाद आकाशातून पडलेला नव्हता. कार्ल हाइनरिख उलरिक्स यांनी १८६७ साली म्युनिक येथे कायदेपंडितांच्या सभेपुढे हा विषय मांडण्याचा प्रयत्न केला आणि आरडाओरड्यात त्यांना थांबावे लागले. तीस वर्षांनी बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापली; विज्ञानाच्या वाटेने न्यायापर्यंत, हे तिचे सूत्र. एलिस यांचा या विषयावरील ग्रंथ विकल्याबद्दल १८९८ साली लंडनमध्ये खटला झाला. हिर्शफेल्ड १९३१ साली भारतात येऊन गेले. १९३३ च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची बर्लिनमधील संस्था लुटली आणि तिथला ग्रंथसंग्रह जाळला. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच मुंबईच्या न्यायालयात एलिस यांचे नाव एका मराठी मासिकाच्या बचावासाठी उच्चारले गेले. (आपल्याकडे ‘पाश्चात्त्य प्रभाव’ शोधताना दृष्टी बहुधा कादंबरी आणि सुनीत यांच्यापलीकडे जात नाही.)

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. कर्व्यांना समलिंगी हक्कांचे आद्य प्रवर्तक ठरविणे म्हणजे आजचे मोजमाप मागे नेणे होय. त्यांचे मुख्य कार्य संततिनियमनाचे होते, हे निर्विवाद. शिवाय ‘प्रकृतीच तशी आहे’ या युक्तिवादालाही मर्यादा आहे. प्रकृतीचा दाखला द्यावा लागतो तेथे हक्क वैद्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून राहतो. लैंगिकशास्त्राने एका हाताने न्याय मागितला आणि दुसऱ्या हाताने माणसांची वर्गवारी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतून समलैंगिकता वगळली जाण्यास १९९० साल उजाडावे लागले. तेव्हा कर्व्यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. त्यांना वाचावे, एवढेच म्हणणे आहे.

आणि वाचावे ते भाषेसाठी. प्रश्नोत्तरांच्या सदरात एक अनाम मराठी माणूस आपल्या शरीराविषयी, भयाविषयी लिहितो. त्याला शब्द सापडत नाहीत, तो संस्कृताचा आडोसा घेतो, कधी गावठी शब्द वापरतो. गणिताचा हा प्राध्यापक त्याला कोरड्या, अलंकारहीन, किंचित तिरकस गद्यात उत्तर देतो. मराठी गद्याला लाजेचा पदर न घेता बोलता येते, याचा इतका दीर्घ पुरावा दुसरीकडे क्वचितच असेल. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, तेव्हा मित्राचे दुःख सांगायला आपल्याजवळ शोकांतिकेचे परिचित शब्द होते. ‘समाजस्वास्थ्य’ची शब्दसंपदा मात्र समीक्षेच्या हाताशी नव्हती. अद्यापि उत्तरपत्रिकांतून मित्राला ‘विकृत’ म्हटलेले आढळते. १९३४ साली ज्या शब्दाशी बाबासाहेब झगडले, तोच हा शब्द.

नागपूरकरांना तरी हे परके वाटू नये. कर्व्यांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. तीन वर्षांनी त्याच तारखेला याच शहरात धम्मदीक्षा झाली. हा निव्वळ योगायोग. परंतु बाबासाहेबांचे ग्रंथ घराघरांत असलेल्या या शहरात त्यांच्या या वकिलीचा उल्लेख पदव्युत्तर वर्गात क्वचितच होतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. लकडगंजच्या लाकडाच्या वखारींजवळून वर्गात येणारा एखादा विद्यार्थी हे वृत्तपत्रात वाचतो आणि ही सारी गोष्ट इंग्रजीतून आली असे समजतो. त्याच्या भाषेत ती चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी बोलली गेली होती, हे त्याला सांगायचे कोणी? साहित्यविचाराच्या प्रश्नपत्रिकेत मर्ढेकरांच्या शेजारी १९३४ चा खटला ठेवण्यास अभ्यास मंडळाचा एक ठराव पुरेसा आहे.